माणसे वाढवली, दिवस मात्र तेवढेच

वाचकाचे पत्र :

"मी नाशिकमधील एका बांधकाम कंपनीत दीड वर्षापासून प्लॅनिंग इंजिनिअर आहे. सात मजली निवासी इमारतीचे वेळापत्रक मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये सांभाळणे हे माझे काम. गेल्या पंधरवड्यात तीन गोष्टी घडल्या. तिसऱ्या मजल्याच्या आतील प्लास्टरला ४ गवंडी आणि १० दिवस धरले होते. लेबर कॉन्ट्रॅक्टरने आणखी २ गवंडी दिले, म्हणून 'जादा गवंडी' या नावाने मी त्यांना त्या कामावर टाकले, तर दिवस १० च राहिले आणि कामाचे तास मात्र ३२० चे ४८० झाले. त्याच दिवशी स्लॅबच्या क्युरिंगवर पाणी मारायला एका माणसाची दोन माणसे केली, तर ७ दिवसांचे साडेतीन दिवस झाले. मग साहेबांनी प्लास्टर जुन्याच ४ गवंड्यांत, पण ८ दिवसांत बसवून दाखवायला सांगितले. मी जादा गवंडी काढून ड्युरेशनमध्ये ८ टाकले, तर खर्च ३२,००० रुपयांवरून २५,६०० वर आला. साहेब म्हणतात, सॉफ्टवेअर बिघडले आहे, पुन्हा एक्सेलवर या. मी त्यांना काय सांगू?"

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

नुसते 'आकडे चुकतात' असे न लिहिता कोणत्या रकान्यात काय टाकले आणि त्यावर काय हलले हे तुम्ही नोंदवून पाठवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. साहेबांना एवढेच सांगा, की सॉफ्टवेअर बिघडलेले नाही. तिन्ही वेळा त्याने एकच सूत्र वापरले आणि तिन्ही वेळा हिशेब बरोबर केला; फक्त आपण त्याला काय विचारतो आहोत याची कल्पना विचारणाऱ्याला नव्हती. यात तुमचा दोष फारसा नाही, कारण हा सगळा घोळ ज्या एका रकान्यामुळे होतो, तो रकाना प्रोजेक्ट आपणहून समोर आणत नाही.

सूत्र तुम्हाला ठाऊक असेलच : काम म्हणजे कालावधी गुणिले युनिट्स. तुमच्या प्लास्टरचे १० दिवस, दिवसाचे ८ तास आणि ४ गवंडी, म्हणजे ४०० टक्के युनिट्स, यांचा गुणाकार ३२० तास. या तीन राशींपैकी एक तुम्ही बदललीत, की समीकरण जुळवण्यासाठी उरलेल्या दोहोंपैकी एक बदलावीच लागते. कोणती बदलायची आणि कोणती तशीच ठेवायची, हे सॉफ्टवेअरला सांगणारी खूण म्हणजे टास्क टाइप. हे नावच मुळात फसवे आहे. 'टाइप' म्हटले की वाटते गवंडीकाम, सुतारकाम, प्लंबिंग अशी काही वर्गवारी असेल. कामाच्या जातीशी त्याचा काहीएक संबंध नाही. फिक्स्ड युनिट्स, फिक्स्ड ड्युरेशन आणि फिक्स्ड वर्क हे तिन्ही प्रकार हिशेबाच्या वेळी कोणाला हात लावायचा नाही, एवढेच सांगतात.

दुसरी फसवणूक 'फिक्स्ड' या शब्दात आहे. अनेकांना वाटते की फिक्स्ड ड्युरेशन केले म्हणजे कालावधीला कुलूप लागले आणि आता तो कोणालाच बदलता येणार नाही. तसे नाही. तुम्ही तो हवा तेव्हा बदलू शकता. सॉफ्टवेअर स्वतःहून बदलणार नाही, एवढीच त्याने दिलेली हमी असते. तुम्ही बदललात तर ते कामाचे तास वाढवते किंवा घटवते आणि युनिट्स तशीच ठेवते. फिक्स्ड वर्कमध्ये तुम्हीच तास बदललेत तर कालावधी हलतो, आणि फिक्स्ड युनिट्समध्ये तुम्हीच युनिट्स बदललीत तरीही कालावधीच हलतो. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, कारण तुमच्या क्युरिंगचे उत्तर त्यातच आहे.

आता तुमचे पहिले कोडे. प्रोजेक्टमध्ये नवे टास्क तयार होते ते, वेगळे काही सांगितले नसेल तर, फिक्स्ड युनिट्स प्रकारचे असते. याच्या जोडीला 'एफर्ट ड्रिव्हन' नावाची एक खूण असते. २००७ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती नव्या टास्कवर आपोआप लागलेली असे. २०१० पासून ती आपोआप लागत नाही. या खुणेचा अर्थ असा, की कामाचे एकूण तास ठरलेले आहेत, माणूस आला तर तेच तास वाटून घ्या आणि माणूस गेला तर उरलेल्यांनी उचला. खूण नसेल, तर सॉफ्टवेअर असे समजते की येणारा प्रत्येक जण आपले काम सोबत घेऊन येतो. तुमच्या टास्कवर ती खूण नव्हती. 'जादा गवंडी' हे नवे नाव आल्याबरोबर त्याने १० दिवस, ८ तास आणि २ माणसे यांचे १६० तास काढले, आधीच्या ३२० मध्ये मिळवले आणि ४८० तुमच्या हाती ठेवले. खूण असती तर तेच ३२० तास २१३.३३ आणि १०६.६७ असे वाटले गेले असते आणि कालावधी ६.६७ दिवसांवर आला असता.

पण इथे खरी मेख निराळीच आहे. तुम्ही नवे नाव न टाकता जुन्याच 'गवंडी' या नावापुढचे ४०० टक्के खोडून ६०० टक्के केले असते, तर एफर्ट ड्रिव्हनची खूण असो वा नसो, कालावधी ६.६७ दिवसच आला असता. ही खूण फक्त टास्कवर नवे नाव चढते किंवा असलेले उतरते तेव्हाच जागी होते. असलेल्या नावाची युनिट्स बदलणे हा तिच्या लेखी वेगळा व्यवहार आहे, आणि तो पूर्णपणे टास्क टाइपच्या अखत्यारीत येतो. साइटवर दोन गवंडी आले ही घटना एकच. पण ती नोंदवण्याच्या दोन पद्धतींत सव्वातीन दिवसांहून अधिक फरक पडतो. क्युरिंगवर तुम्ही नेमकी दुसरी पद्धत वापरलीत, म्हणजे १०० टक्क्यांचे २०० टक्के केलेत, आणि म्हणून तिथे दिवस निम्मे झाले. एकाच दुपारी, एकाच फाइलमध्ये, एकाच प्रकारच्या दोन टास्कवर दोन उलटी उत्तरे आल्यावर साहेबांना बिघाडाची शंका यावी, हे मी समजू शकतो.

तुम्ही नवे नाव टाकलेत तेव्हा त्या चौकटीच्या कोपऱ्यात एक छोटा हिरवा त्रिकोण उमटला असेल. त्यावर गेले की प्रोजेक्ट विचारते : काम तेवढेच ठेवून दिवस कमी करू, दिवस तेवढेच ठेवून काम वाढवू, की दोन्ही तेवढेच ठेवून प्रत्येकाचे रोजचे तास कमी करू? हाच तो प्रश्न होता, ज्याचे उत्तर तुम्ही न देता पुढे गेलात. तो त्रिकोण फार वेळ थांबत नाही, आणि घाईत असलेला माणूस त्याच्याकडे पाहतही नाही.

मग एफर्ट ड्रिव्हनची खूण सगळीकडे लावून टाकावी का, असा विचार तुमच्या मनात आला असेल. कृपा करून तसे करू नका. प्लास्टरवर ४ गवंड्यांच्या हाताखाली ४ बिगारी लागतात. खूण लावलेल्या टास्कवर तुम्ही ४ गवंड्यांनंतर ४ बिगारी चढवलेत, तर सॉफ्टवेअर ३२० तास आठ जणांत वाटेल आणि प्लास्टर ५ दिवसांत संपवून दाखवेल. तुम्ही आणि मी जाणतो की बिगारी माल कालवून देतो, घमेले उचलतो, पराती हलवतो. त्याच्या येण्याने गवंड्याची थापी दुप्पट वेगाने चालत नाही. त्याचे ३२० तास हे त्याचे स्वतःचे, वेगळे तास आहेत, आणि एकूण काम ६४० तासांचे आहे. म्हणून एकमेकांना पर्याय असणारी माणसे वाढवायची असतील तर असलेल्या नावाची युनिट्स वाढवा, आणि एकमेकांना पूरक असणारी माणसे द्यायची असतील तर खूण काढून नवे नाव द्या. 'जादा गवंडी' हे नाव मात्र रिसोर्स शीटमधून काढून टाका. गवंडी हा एकच गट ठेवा, त्याची कमाल युनिट्स ६०० टक्के करा. एकाच कारागिरासाठी दोन नावे ठेवली, तर महिन्याअखेरीस किती गवंडी लागले हे सांगताना तुम्हाला स्वतःलाच बेरीज करत बसावे लागेल.

क्युरिंगकडे थोडे अधिक लक्ष देऊ, कारण तिथली चूक साइटवर उतरली तर फक्त कागद खराब होत नाही. पाणी मारायला दोन माणसे ठेवली म्हणून काँक्रीट लवकर पक्व होत नाही. ती सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया आहे आणि तिला तिचा वेळ लागतो. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटचा पृष्ठभाग किमान ७ दिवस सतत ओला ठेवावा लागतो. मिश्र सिमेंट असेल किंवा फ्लाय अॅशसारखी खनिज द्रव्ये मिसळलेली असतील तर किमान १० दिवस, आणि कोरड्या, उष्ण हवेतही १० दिवसांपेक्षा कमी नाही. तुम्ही ७ दिवस धरलेत. साइटवर येणाऱ्या गोणीवर पीपीसी, म्हणजे मिश्र सिमेंट, असे लिहिलेले असेल तर ७ हा आकडाच अपुरा आहे, तो आधी दुरुस्त करा. तुमच्या वेळापत्रकात क्युरिंग साडेतीन दिवसांचे झाले तेव्हा त्याच्या पुढे जोडलेली सगळी कामे साडेतीन दिवसांनी अलीकडे सरकली असणार. कोणी ते छापून साइटवर लावले असते, तर सेंटरिंगच्या मिस्त्रीने टेकू काढण्याची तारीख त्यावरूनच वाचली असती. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटच्या बाबतीतही ७ दिवसांआधी काढायचे नाहीत, असे तेच मानक सांगते. टास्क टाइपला मी क्षुल्लक तांत्रिक बाब मानत नाही, ते यासाठी.

तेव्हा क्युरिंग हे फिक्स्ड ड्युरेशन करा आणि एफर्ट ड्रिव्हनची खूण काढा. ७ दिवसांचे टास्क असेल आणि पाणी मारणारे एकाचे दोन केलेत, तर दिवस ७ च राहतील आणि तास ५६ चे ११२ होतील. हेच वास्तव आहे : दुसरा माणूस आला तर मजुरी वाढते, मुदत कमी होत नाही. खूण चुकून राहिली आणि दुसरा माणूस नव्या नावाने चढवलात, तर ५६ तास दोघांत वाटले जाऊन प्रत्येक जण ५० टक्क्यांवर दिसेल. तेही चालण्यासारखे आहे, पण दोघांनी अर्धा-अर्धा दिवसच काम करायचे असेल तरच.

याशिवाय एक गोष्ट अशी, की काँक्रीट रविवारी सुट्टी घेत नाही. प्रोजेक्टचे मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवारचे आहे. ते तसेच राहिले असेल तर सोमवारी सुरू झालेले ७ दिवस पुढच्या मंगळवारी संपतात, म्हणजे प्रत्यक्षात ९ दिवस जातात. अशा कामांसाठी 'इलॅप्स्ड' कालावधी असतो. तो शनिवार, रविवार, रात्र, दिवाळी, सगळे मोजतो. पण इलॅप्स्ड टास्कवर माणूस चढवू नका, कारण सॉफ्टवेअर मग त्यालाही चोवीस तास राबवते आणि ७ दिवसांचे १६८ तास त्याच्या नावावर लावते. क्युरिंगचे टास्क माणसाविना ठेवा आणि पाणी मारण्याची मजुरी शेजारच्या वेगळ्या टास्कवर घ्या. काही जण क्युरिंगचे टास्कच करत नाहीत. स्लॅब आणि पुढचे काम यांच्या दुव्यात ७ दिवसांचा लॅग, म्हणजे नुसता थांबण्याचा अवधी, टाकून मोकळे होतात. हिशेब बरोबर येतो, पण बार चार्टवर तिथे नुसती मोकळी जागा दिसते, आणि मोकळी जागा दिसली की ती कमी करण्याचा मोह कोणाला तरी होतोच. मी लॅगच्या बाजूचा नाही.

आता तुमच्या साहेबांचे ८ दिवस. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींपैकी मला सर्वांत गंभीर वाटली ती हीच, कारण पहिल्या दोन्हींत आकडे निदान डोळ्यांना खुपले. इथे आलेला आकडा सगळ्यांना आवडणारा होता. फिक्स्ड युनिट्सच्या टास्कवर तुम्ही १० चे ८ केलेत. युनिट्स ४०० टक्क्यांवर टिकवायची असल्याने सॉफ्टवेअरने काम घटवले : ८ गुणिले ८ गुणिले ४, म्हणजे २५६ तास. तासाला १०० रुपये दराने खर्च २५,६०० झाला. हे ६४ तास कुठे गेले? कुठेच गेले नाहीत. ते प्लास्टर भिंतीवर चढायचेच आहे, फक्त कागदावरून ते पुसले गेले. काम लवकर उरकले आणि वर स्वस्तही झाले, असे जेव्हा जेव्हा वेळापत्रक सांगेल, तेव्हा तेव्हा तासांचा रकाना उघडून पाहायचा, ही सवय लावून घ्या.

मी स्वतः हे ठेच लागूनच शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी रखडलेल्या एका कामाचे सुधारित वेळापत्रक रात्री बसून तयार केले होते. जिथे जिथे जागा दिसली तिथे कालावधी घटवत गेलो आणि सकाळी अभिमानाने सल्लागाराच्या अभियंत्यापुढे ठेवले. त्याने तारखांकडे पाहिलेही नाही. मजुरांच्या एकूण तासांची बेरीज काढली, जुन्या वेळापत्रकातली बेरीज शेजारी लिहिली आणि शांतपणे विचारले, "एवढे काम रद्द झाले का?" मला उत्तर देता आले नाही.

प्लास्टर, वीटकाम, फरशी, रंग ही मोजमापाची कामे आहेत. चौरस मीटर ठरलेले, एक गवंडी दिवसाला किती उतरवतो हे अनुभवाने ठरलेले. त्यावरून तास निघतात आणि ते कोणाच्या इच्छेने बदलत नाहीत. ही कामे फिक्स्ड वर्क करा. या प्रकारात एफर्ट ड्रिव्हनची खूण कायमच लागलेली असते, ती काढता येत नाही. म्हणून त्या टास्कवर केवळ गवंडी ठेवा आणि बिगाऱ्यांचे तास शेजारच्या टास्कवर घ्या, नाहीतर वरचा बिगाऱ्यांचा गोंधळ पुन्हा दारात उभा राहील. आता साहेबांचे ८ दिवस टाका. ३२० तास जागचे हलणार नाहीत. ते ८ दिवसांत बसवायला रोज ४० तास लागतील, म्हणजे ५ गवंडी. साहेबांना हवे ते उत्तर हेच आहे : ८ दिवस शक्य आहेत, पण जुन्या ४ गवंड्यांत नव्हे, आणखी एक गवंडी द्या. त्यांनी ७ दिवस मागितले तर ५.७१ गवंडी येतील, आणि पाऊण गवंडी कोणताच लेबर कॉन्ट्रॅक्टर देत नसल्याने ६ मागून घ्यावे लागतील. इथे एक खबरदारी घ्या : २०१० पासूनच्या आवृत्त्यांत असाइनमेंट युनिट्सच्या रकान्यात अनेकदा तुम्ही आधी दिलेला ४०० टक्के हा आकडाच दिसत राहतो आणि नव्या हिशेबाचा आकडा 'पीक' नावाच्या रकान्यात येतो. टास्क युसेज दृश्यात दोन्ही रकाने शेजारी घेऊन बघा, म्हणजे काही बदललेच नाही असा गैरसमज होणार नाही.

फिक्स्ड युनिट्स मग कशासाठी? जिथे साधनच मोजके आहे तिथे. इमारतीवर एकच टॉवर क्रेन आहे, लिफ्ट बसवणारी एकच टोळी येते; तिथे युनिट्स वाढवण्याचा प्रश्नच नाही, काम वाढले तर दिवस वाढणार. काँक्रीटच्या क्यूबची (नमुना ठोकळ्याची) २८ दिवसांची चाचणी, महापालिकेच्या परवानगीची वाट, सुरक्षा पर्यवेक्षकाची हजेरी यांना फिक्स्ड ड्युरेशन. पोटकामांचे शीर्षक असणाऱ्या समरी टास्कचा प्रकार फिक्स्ड ड्युरेशनच असतो, तो बदलता येत नाही. त्यावर माणसे चढवण्याच्या फंदात पडू नका.

हे सगळे करायला एक दिवस द्या. मुख्य तक्त्यात 'टाइप' आणि 'एफर्ट ड्रिव्हन' हे दोन रकाने घाला. ते समोर असले की डोळा आपोआप तिकडे जातो. मग विंडो दुभागून खाली टास्क फॉर्म उघडा. तिथे कालावधी, प्रकार, खूण, युनिट्स आणि तास हे सगळे एकाच चौकटीत दिसते. एकेका टास्कवर जाऊन स्वतःला विचारा, की उद्या साइटवर काही बदलले तर या कामातली कोणती गोष्ट बदलणार नाही, आणि तो प्रकार निवडा. नुसता प्रकार बदलल्याने कोणताही आकडा हलत नाही. त्याचा परिणाम त्यानंतरच्या फेरबदलांवर होतो, त्यामुळे हे बिनधास्त करता येते. त्याच कारणाने, जे आकडे आधीच चुकले आहेत ते प्रकार बदलल्याने सुधारणार नाहीत. प्लास्टरचे ३२० तास तुम्हाला पुन्हा हाताने लिहावे लागतील. ऑप्शन्समधल्या शेड्यूल विभागात नव्या टास्कसाठी मूळ प्रकार ठरवता येतो, पण तो जुन्या टास्कना लागू होत नाही. तुमची फाइल एखाद्या जुन्या प्रकल्पाच्या फाइलवरून उतरवलेली असेल, तर काही टास्क २००७ च्या काळातली खूण अजून वागवत असतील. तेही तपासा.

काम सुरू झाल्यानंतर माणसे वाढवायची असतील तर क्रम सांभाळा. समजा, ५ दिवस झाले आणि निम्मे प्लास्टर उरकले. आधी झालेले १६० तास नोंदवा आणि मगच ४०० चे ६०० टक्के करा. उरलेले १६० तास रोज ४८ प्रमाणे ३.३३ दिवसांत संपतील आणि एकूण कालावधी ८.३३ दिवस येईल. नोंद न करता युनिट्स वाढवलीत तर सॉफ्टवेअर धरून चालेल की सहाही गवंडी पहिल्या दिवसापासूनच होते, आणि ६.६७ दिवस दाखवेल. त्या दीड दिवसाहून अधिक फरकाचा जाब नंतर तुम्हालाच द्यावा लागेल.

दिवसाच्या तासांचेही पाहून घ्या. तुमची साइट रोज ९ तास चालते म्हणून कॅलेंडरमध्ये ९ तास केले असतील आणि ऑप्शन्समधला 'अवर्स पर डे' ८ च राहिला असेल, तर तुम्ही लिहिलेले १० दिवस म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी ८० तास होतात आणि ते नवव्या दिवशी काम सुटण्याच्या तासभर आधीच संपतात. टास्क टाइपवर खापर फोडण्याआधी हा आकडा बघत जा.

आणखी एक सूचना, कारण बांधकामाच्या धंद्यात आज ना उद्या तुमची गाठ प्रायमाव्हेरा या वेळापत्रकाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरशी पडणार आहे. तिथेही 'फिक्स्ड युनिट्स' आहे, पण तिथे युनिट्स म्हणजे श्रमाचे तास. मायक्रोसॉफ्ट ज्याला फिक्स्ड वर्क म्हणते त्याला प्रायमाव्हेरा फिक्स्ड युनिट्स म्हणते, आणि मायक्रोसॉफ्टच्या फिक्स्ड युनिट्सला तिथे 'फिक्स्ड युनिट्स पर टाइम' असे नाव आहे. या रकान्याला ते ड्युरेशन टाइप म्हणतात आणि त्यात तीनऐवजी चार पर्याय मिळतात. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात फाइल नेताना केवळ नाव जुळते म्हणून तोच पर्याय निवडणारे अनुभवी लोकही मी पाहिले आहेत.

एक्सेलवर परत जाण्याबद्दल : एक्सेलमध्ये तुम्ही १० चे ८ केलेत तर ते तास घटवणार नाही, खर्च बदलणार नाही आणि त्रिकोणही दाखवणार नाही, गवंडी किती लागतील हे तर ते विचारणारच नाही. साहेबांशी बोलायला जाताना हा युक्तिवाद मात्र मागे ठेवा आणि आधी प्लास्टरची एक ओळ समोर ठेवा : ३२० तास, ८ दिवस, ५ गवंडी. सुधारलेली फाइल नव्या नावाने जतन करा आणि जुनी बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी जतन केलेले मूळ वेळापत्रक, त्यावर लगेच पुसू नका. निदान महिनाभर दोन्ही आकडे शेजारी दिसू द्या, म्हणजे कोणत्या तारखा साइटवरच्या घडामोडींनी हलल्या आणि कोणत्या केवळ आपण प्रकार दुरुस्त केल्याने, हे कोणी विचारले तर तुम्हाला दाखवता येईल.